एसएसडीवर क्लोन करताय? मग आधी रिकव्हरी पार्टिशनचा हिशोब लावा

यावेळी आलेल्या पत्रांमधली निम्मी एकाच गोष्टीवर आहेत, एसएसडी आणली, क्लोन मारायला (म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीनवर उतरवायला) बसलो, आणि डिस्कवर ही चार-पाच पार्टिशन्स म्हणजे कप्पे कसले दिसतायत. म्हणून हा अंक त्यालाच दिलाय, प्रिंटर आणि वायफायवाल्यांनी थोडं थांबा.

प्रश्न : सर नमस्कार, माझा लॅपटॉप २०१९ चा आहे, १ टीबीची हार्ड डिस्क, मध्यंतरी विंडोज ११ वर अपग्रेड केलाय. चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्केवर जाऊन बसते ती खाली येतच नाही, म्हणून ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली. डेटा साधारण २१० जीबी आहे. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू, पण माझं अकाउंटिंगचं सगळं सेटअप त्यात आहे म्हणून मला क्लोनच करायचंय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये २६० एमबीचं ईएफआय, मग सी, मग ६५३ एमबीचं रिकव्हरी, मग अजून एक ९८० एमबीचं रिकव्हरी आणि शेवटी साडेतेरा जीबीचं डी ड्राइव्ह ज्याचं नावच रिकव्हरी आहे, ते कायम लाल दिसतं. यातलं काय न्यायचं, काय सोडायचं? दुकानवाला म्हणाला सगळी रिकव्हरी उडवा, जागा खातात. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दुकानवाल्याचं अर्धं बरोबर आहे, पण कुठलं अर्धं ते त्याला माहीत नाही असं दिसतंय.

तुमच्या डिस्कवर एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. छोटी जी आहेत, काहीशे एमबीची, ती विंडोजची स्वतःची. त्यात विनआरई असतं, म्हणजे विंडोज सुरूच झालं नाही की जो निळा स्क्रीन येतो, ट्रबलशूट, स्टार्टअप रिपेअर, रिसेट धिस पीसी, कमांड प्रॉम्प्ट, तो सगळा पसारा. प्रत्यक्षात ती विनआरई डॉट विम नावाची एकच मोठी फाइल आहे, बाकी चिल्लर. आणि ते साडेतेरा जीबीचं डी, ते लॅपटॉप कंपनीने फॅक्टरीत भरून दिलेलं. लॅपटॉप ज्या दिवशी डब्यातून निघाला त्या दिवशीचं विंडोज १०, कंपनीची युटिलिटी, आणि ते ३० दिवसांचं ट्रायल अँटिव्हायरस, जे तुम्ही पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं असेल. ते लाल दिसतं कारण ते मुळातच काठोकाठ भरलेलं असतं, त्यात बिघाड काही नाही.

छोटं न्यायचं. मोठं सोडायचं, पण सोडण्याआधी एक काम करून.

मोठं का सोडायचं ते सांगतो. लोकांना वाटतं ते गेलं की ओरिजिनल विंडोजचं लायसन्स गेलं. तसं काही नाही. विंडोज ८ पासून कंपन्या लायसन्सची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच टाकून देतात, डिस्कचा त्याच्याशी संबंध नाही, उद्या कोऱ्या एसएसडीवर तीच एडिशन टाकली तरी नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुसरं म्हणजे कंपनीचं रिकव्हरी हे चालू करताना एफ११ किंवा तत्सम बटणाने उघडतं, आणि ते बटण बऱ्याच मॉडेलमध्ये डिस्कवरच्या ठरावीक मांडणीवर अवलंबून असतं, क्लोन करून पार्टिशन जसंच्या तसं नेलं तरी बटण ते उघडेलच याची काही खात्री नाही. म्हणजे साडेतेरा जीबी नेऊन हातात एक न चालणारा ड्राइव्ह. आणि चाललं समजा, तरी ते तुम्हाला थेट २०१९ मध्ये नेऊन सोडणार, तिथून पुन्हा अपडेट्सची वरात.

आधी करायचं काम हे : तुमच्या कंपनीचं रिकव्हरी मीडिया बनवायचं टूल असेल तर ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेऊन त्यावर तो फॅक्टरीवाला संच उतरवून ठेवा. एचपी, डेल, लेनोवो तिघांकडेही आता नेटवरून डाउनलोड करून पेनड्राइव्ह बनवायची सोय आहे. पेनड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवा, ड्रॉवरमध्ये टाका. बहुतेक कधी लागणार नाही.

आता छोटी दोन. दोन का झाली? अपग्रेडच्या वेळी जुन्या रिकव्हरीत नवीन विनआरई मावलं नाही की विंडोज सरळ सी मधून थोडी जागा कापून नवीन पार्टिशन करतं आणि जुनं तसंच बेवारस सोडून देतं, विचारत पण नाही. यातलं जिवंत कुठलं ते बघायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रीएजंटसी स्लॅश इन्फो टाका. रीएजंटसी सगळं जोडून लिहायचं, आर ई ए जी ई एन टी सी, मग स्पेस, मग स्लॅश इन्फो. उत्तरात एक लांबलचक पत्ता येईल, त्यात हार्डडिस्क० पार्टिशन४ असं काहीतरी असेल. मोजताना लक्षात ठेवा की डिस्क मॅनेजमेंट तुम्हाला एक पार्टिशन दाखवतच नाही, १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा), ते ईएफआय (जिथून बूट म्हणजे सुरुवात होते) आणि सी च्या मध्ये लपलेलं असतं. म्हणजे ईएफआय १, एमएसआर २, सी ३, तुमचं ६५३ वालं ४, ९८० वालं ५. पत्त्यात ४ आलं तर ६५३ जिवंत आणि ९८० बेवारस, ५ आलं तर उलट. बेवारसवालं न्यायची गरज नाही.

क्लोन करताना बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'सगळी डिस्क' असा एकच मोठा बटणवाला मार्ग असतो, तो घेऊ नका, पार्टिशन निवडून न्यायचा मार्ग घ्या. ईएफआय, एमएसआर, सी आणि जिवंत रिकव्हरी एवढ्यांवर टिक. तुमची १ टीबी म्हणजे विंडोजच्या हिशोबात ९३१ जीबी आणि ५०० ची एसएसडी म्हणजे ४६५, त्यामुळे सी ला कापावंच लागणार, पण डेटा २१० असल्यामुळे अडचण नाही. सी चा आकार असा ठेवा की शेवटी १ जीबी उरेल, आणि रिकव्हरी त्या १ जीबीत अगदी टोकाला बसवा, ६५३ होतं म्हणून ६५३ च ठेवू नका, पूर्ण १ जीबी द्या. का ते खाली साताऱ्याच्या बाईंच्या प्रश्नात येईल.

क्लोन झाल्यावर लगेच रीस्टार्ट मारायचा मोह टाळा. लॅपटॉप बंद, जुनी डिस्क बाहेर, एसएसडी आत, मग चालू. दोन्ही एकदम जोडून चालू केलं की दोघींची ओळखपत्रं सारखी असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे बूट जुन्या डिस्कच्या ईएफआयवरून होतं आणि तुम्हाला वाटतं एसएसडी चालली. ती चाललेली नसते. एकदा व्यवस्थित उघडलं की परत रीएजंटसी स्लॅश इन्फो. डिसेबल्ड दिसलं तर स्लॅश इन्फो च्या जागी स्लॅश इनेबल. पत्ता चुकीचा दिसला तर आधी स्लॅश डिसेबल मग स्लॅश इनेबल, की तो नव्याने पार्टिशन शोधतो. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळा स्क्रीन येऊन त्यात ट्रबलशूट दिसलं की झालं.

अकाउंटिंगचं म्हणालात म्हणून एक, काही सॉफ्टवेअर स्वतःचं लायसन्स डिस्कच्या सिरीयल नंबरला बांधतात, क्लोननंतर ते पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं. आधी त्यांच्या माणसाला फोन करून विचारा. ३१ मार्चच्या आठवड्यात हे काम काढू नका म्हणजे झालं. आणि जुनी डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करायची नाही.

प्रश्न : मॅक्रियम फ्री आता मिळत नाही, मग क्लोन कशाने करायचं? फुकटातलं सांगा. – पनवेल

उत्तर : हो, क्लोन करायच्या या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीचे सिक्युरिटी अपडेट १ जानेवारी २०२४ पासून बंद झालेत. एसएसडी कुठल्या कंपनीची घेतलीय ते बघा, क्रुशियल, डब्ल्यूडी, किंग्स्टन यांच्याबरोबर ॲक्रोनिस या क्लोनच्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती मिळते, सॅमसंगचं स्वतःचं आहे पण ते समोर सॅमसंगची एसएसडी असेल तरच चालतं. या कंपनीवाल्या सॉफ्टवेअरमधली काही रिकव्हरी पार्टिशन न विचारता गाळतात, म्हणून शेवटचा 'आधी आणि नंतर'वाला स्क्रीन नीट वाचा, नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका. क्लोनझिला पूर्ण फुकट आणि दणकट आहे पण नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर नेहमीच्या सेटिंगला ते अडून बसतं, आणि स्क्रीन बघून घाबरायला होतं. मोठ्या डिस्कवर जाताय तर बिनधास्त वापरा.

प्रश्न : दादा, मी २५६ च्या एसएसडीवरून १ टीबीच्या एसएसडीवर क्लोन केलं, सगळं मस्त चालतंय पण सी अजून २३७ जीबीच आहे. पुढे ६९३ जीबी अनअलोकेटेड दिसतंय, काळ्या पट्टीत. सी वर राइट क्लिक केलं तर एक्स्टेंड व्हॉल्यूम दाबताच येत नाही. मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन आहे त्यावर राइट क्लिक केलं तर फक्त हेल्प येतं. – म्हापसा, गोवा

उत्तर : विंडोजला सी वाढवायला जागा लागते ती सी ला चिकटून उजव्या बाजूला. तुमच्याकडे घर आणि मोकळा प्लॉट यांच्या मध्ये शेजाऱ्याची भिंत आलीय. आणि डिस्क मॅनेजमेंटला पार्टिशन सरकवता येत नाही, कधीच येत नव्हतं.

सोपा रस्ता म्हणजे एखादं पार्टिशनचं सॉफ्टवेअर घेऊन ते रिकव्हरी ओढत अगदी उजव्या टोकाला न्यायचं, मग सी वाढवायचं, मग रीएजंटसी स्लॅश इन्फो बघायचं. बहुतेकांनी हाच घ्यावा.

सॉफ्टवेअर टाकायचं नसेल तर विंडोजच्या आतूनच होतं, पण इथे क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलायचा नाही. आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढून ठेवा. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहा आणि मगच पुढे. विंडोज ११ होमवर पण हे चालू असतं आणि घरात कुणालाच माहीत नसतं, हे मी इतक्यांदा लिहिलंय की संपादक वैतागलेत.

मग ॲडमिनवाल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी स्लॅश डिसेबल. याने होतं काय तर ती विनआरई डॉट विम रिकव्हरी पार्टिशनमधून उठून सी मधल्या विंडोज, सिस्टम३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये येते. आली का ते डोळ्याने बघा, फाइल लपलेली असते म्हणून नुसतं डीआयआर टाकून दिसणार नाही, डीआयआर स्लॅश ए टाकायचं. काहीशे एमबीची फाइल दिसली पाहिजे. नाही दिसली तर थांबा, पुढे काहीही डिलीट करू नका, कारण त्या पार्टिशनसोबत तीही जाईल.

दिसली की त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये एकेक करून टाका : डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, १ टीबीवाली सिलेक्ट, लिस्ट पार्टिशन, त्यातलं रिकव्हरी सिलेक्ट, आणि मग डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. ओव्हरराइड लिहिलं नाही तर ते नकार देतं, आणि ते बरंच आहे, पण याचा दुसरा अर्थ असा की ओव्हरराइड लिहिल्यावर ते काहीच विचारत नाही, चुकून रिकव्हरीच्या ऐवजी दुसरं कुठलं सिलेक्ट झालेलं असेल तर ते पण तेवढ्याच आनंदाने उडवेल. एंटर मारायच्या आधी लिस्ट पार्टिशन पुन्हा एकदा टाका, सिलेक्ट केलेल्यापुढे छोटा तारा येतो, तो तारा बघा.

आता एक्स्टेंड व्हॉल्यूम चालेल. विझार्ड पूर्ण जागा भरून दाखवतो, त्या आकड्यातून १०२४ वजा करा म्हणजे शेवटी १ जीबी राहील. त्या १ जीबीत नवीन रिकव्हरी पार्टिशन करायचं, आणि इथे नुसतं फॉरमॅट करून भागत नाही, त्याला रिकव्हरी असल्याचा एक लांबलचक आयडी द्यावा लागतो नाहीतर विंडोज त्याला ओळखत नाही. तो आयडी हाताने टाइप करायच्या भानगडीत पडू नका, मायक्रोसॉफ्टचं केबी ५०२८९९७ हे मदतीचं पान शोधा, त्यात पूर्ण कमांड दिलीय, कॉपी पेस्ट करा. शेवटी रीएजंटसी स्लॅश इनेबल.

नवीन पार्टिशन केलंच नाही तर? तर विनआरई सी मध्येच राहतं आणि तिथूनही चालतं. पण सी वर बिटलॉकर असेल तर इनेबल करताना सरळ एरर येतो की एन्क्रिप्टेड व्हॉल्यूमवर जमणार नाही. म्हणून १ जीबी वेगळा ठेवलेला बरा, ६९३ मधून १ गेला तर कळणार पण नाही.

प्रश्न : माझ्या घरच्या पीसीवर विंडोज १० होतं तेव्हा जानेवारी २०२४ पासून एक अपडेट शून्य एक्स ८००७०६४३ असा एरर देऊन सारखं फेल व्हायचं. मुलगा आता विंडोज ११ घालून एसएसडीवर क्लोन करून देणार आहे. तो एरर पुन्हा येईल का? – निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, तो एरर तुमच्या एकटीचा नव्हता, जगभर लोक त्याने हैराण झाले होते. ते अपडेट केबी ५०३४४४१, त्याला रिकव्हरी पार्टिशनमधलं विनआरई बदलायचं होतं आणि त्यासाठी तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. जुन्या पीसींवर ते पार्टिशनच ५०० एमबीच्या आसपासचं, त्यात फाइल बसवल्यावर उरतं किती? मग अपडेट जागा नाही असं सरळ न सांगता तो अगम्य आकडा दाखवायचं. वाईट डिझाइन, दुसरा शब्द नाही.

ज्या त्रुटीसाठी ते आलं होतं ती बिटलॉकरला बगल देण्याची होती, तीही लॅपटॉप प्रत्यक्ष हातात असलेल्या माणसाला. तुमच्या पीसीवर बिटलॉकर नसेल तर त्या फेल झालेल्या अपडेटने तुमचं काही अडलेलं नाही. पण मुलाला एवढं नक्की सांगा की क्लोन करताना जुनं ५०० एमबी जसंच्या तसं नेऊ नकोस, १ जीबी कर. पुढे असलं अपडेट पुन्हा आलं तर जागेवरून अडणार नाही. अर्ध्या टीबीच्या एसएसडीवर या अर्ध्या जीबीचा विचार करू नये.

प्रश्न : साटा एसएसडीवरून एनव्हीएमई वर क्लोन केलं, जुनी काढली, चालू केलं तर निळा स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. क्लोन परत मारू का? इंजिनीअरिंगला आहे, सबमिशन आहे परवा. – ठाणे

उत्तर : परत मारू नकोस, तेच होईल. क्लोन बहुतेक ठीकच आहे, फक्त विंडोज इतके दिवस साटा या जुन्या जोडणीवरून उठायचं आणि एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड करायची त्याला सवय नाही. दोन-तीनदा बूट फेल झालं की ते आपोआप रिकव्हरीत जातं, बघ, ज्या छोट्या पार्टिशनला सगळे जागा खातं म्हणतात तेच इथे कामाला येतं. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. सेफ मोडमध्ये एकदा उघडलं की विंडोज ड्रायव्हरची नोंद करून घेतं, नंतर नॉर्मल रीस्टार्ट कर.

रिकव्हरी उघडलंच नाही तर दुसऱ्याच्या पीसीवर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनव, त्यावरून बूट कर आणि इन्स्टॉलच्या ऐवजी रिपेअर युअर कॉम्प्युटर घे, तोच निळा मेनू मिळतो. तिथे डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची एक सोय) चालू आहे का बघ, ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपात असतं, बंद करून परत प्रयत्न कर. आणि सबमिशन आधी, जुनी साटा लाव परत, प्रिंट काढ, एनव्हीएमई परवा रात्री.

प्रश्न : माझं छोटं सायबर कॅफे आहे, २०१३ चे डेस्कटॉप, चार प्रायमरी पार्टिशन, सिस्टम रिझर्व्ड, सी, डी आणि कंपनीचं रिकव्हरी. एसएसडी टाकताना एमबीआरचं जीपीटी करून घेऊ असं म्हणतोय पण विंडोजचं कन्व्हर्ट टूल व्हॅलिडेशनलाच फेल होतंय. – बेळगाव

उत्तर : तिथे चार म्हणजे हाऊसफुल आहे म्हणून. एमबीआर ही डिस्कवर पार्टिशन मांडायची जुनी पद्धत, जीपीटी नवी. एमबीआरमध्ये प्रायमरी चारच बसतात, आणि एमबीआर टू जीपीटी हे टूल तीनपेक्षा जास्त असली की चालतच नाही, त्याला ईएफआयसाठी एक खुर्ची रिकामी लागते. ते कंपनीचं रिकव्हरी, जे २०१३ चं विंडोज ७ किंवा ८ घेऊन बसलंय, क्लोनमध्ये घेऊच नका, तीन उरतील आणि एसएसडीवर व्हॅलिडेशन पास व्हायला हरकत नाही. एक्स्टेंडेड पार्टिशन मात्र एकही नको.

पण करायचंच कशाला? एमबीआरची अडचण २ टीबीच्या पुढे येते, तुम्ही २४० च्या टाकणार असाल. कन्व्हर्ट केलं की बायोस यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर न्यायचं, २०१३ च्या काही बोर्डांवर ते धड चालत नाही, मग गिऱ्हाईक बाहेर उभं आणि तुम्ही बायोसमध्ये. एमबीआरच ठेवून क्लोन करा. एका पीसीवर करून आठवडाभर वापरून बघा, मग बाकीचे.